दादीच्या हातात पेन्सिल द्या

ईदच्या दुपारी शिरखुर्मा संपतो, पाहुणे पांगतात आणि घराचे दोन भाग होतात. मोठी माणसं टीव्हीसमोर, आपण मोबाइलमध्ये. एकमेकांवर राग नसतो, फक्त बोलायला विषय नसतो. "अभ्यास कसा चाललाय" आणि "तब्येत कशी आहे" हे दोन्ही सकाळीच विचारून झालेलं असतं. अशा वेळी कागद-पेन्सिल काढून चित्रावरून शब्द ओळखण्याचा खेळ मांडावा, असं माझं म्हणणं आहे. म्हणजे आपली पिक्शनरीच. फक्त डब्यातली कार्डं बाजूला ठेवायची.

त्याला कारण आहे. सिएटलमध्ये वेटरचं काम करणाऱ्या रॉब एंजलने १९८५ मध्ये हा खेळ बाजारात आणला. शब्द त्याने इंग्रजी डिक्शनरी चाळून निवडले होते. पहिला शब्द होता 'आर्डवार्क', म्हणजे वाळवी खाणारा आफ्रिकेतला एक प्राणी. त्यात त्याचं काही चुकलं नाही, त्याने स्वतःच्या दोस्तमंडळींसाठी खेळ बनवला होता. पण तीच कार्डं आपल्या घरात आली की दादी "तुम खेलो बेटा" म्हणून उठते. गंमत बघा, ज्या खेळात एक अक्षरही लिहायला बंदी आहे, त्यातून न शिकलेलं माणूस बाहेर पडतं. ते केवळ कार्ड वाचता येत नाही म्हणून.

तेव्हा चिठ्ठ्या आपण करायच्या. प्रत्येकाने पाच-सहा शब्द द्यायचे, मराठी, दखनी, कोकणी, घरात जे बोललं जातं त्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कुणाच्या तरी कानात सांगायचं. वाचतानाही तसंच.

या खेळातला मला सगळ्यात आवडणारा नियम म्हणजे चित्र काढणाऱ्याने बोलायचं नाही. आपल्या घरांत बोलण्याची उतरंड ठरलेली असते. अब्बा बोलतात, आपण ऐकतो, सून तर बऱ्याचदा आतूनच ऐकते. इथे अब्बा मुकाट्याने बकरी काढत बसतात आणि बाकीचे ओरडतात, "टेबल! पलंग! खुर्ची!" अब्बांचा पारा चढतो, पण बोलता येत नाही. शेवटी उत्तर सापडतं ते सुनेला. सासऱ्यासमोर मोठ्याने ओरडायची एरवी तिला मुभा कुठे असते?

आमच्या घरी गेल्या ईदला दादीने एक गोल पोट काढलं, त्याला पुढे वाकडी चोच. कुणी म्हणालं किटली, कुणी हत्ती, एकाने तर बदक. वेळ संपल्यावर ती वैतागून म्हणाली, "अरे बधना है वो, बधना!" तोटीचा तो लोटा, वजू करायचा. आमच्यातल्या धाकट्यांनी नळ आणि प्लास्टिकचा मग सोडून काही पाहिलेलंच नाही. मग तांब्याचा बधना, त्याला दरवर्षी लागणारी कल्हई, असं बोलणं निघालं आणि दादी सहज म्हणाली की तिचे मोठे भाई गावोगाव फिरून कल्हईच करायचे. आम्ही बघतच राहिलो. घरात त्यांच्याबद्दल आजवर 'बिझनेस होता' एवढंच सांगितलं जायचं.

आपल्यातल्या किती घरांत असे धंदे 'बिझनेस' या शब्दाखाली झाकलेत? कुणी पिंजारी, कुणी विणकर, कुणी बागवान. मुलं शिकली, शहरात आली, आणि हाताने काम करणाऱ्या पिढीची लाज वाटू लागली. "आपले पूर्वज काय करायचे?" असं थेट विचारलं तर नानी-दादी विषय बदलतात. पण हातात पेन्सिल असली की त्यांना त्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तूच आठवतात. पाटा-वरवंटा, पानदान, अडकित्ता, सूप, कंदील. आणि पेन्सिल धरता येत नाही हा बहाणा चालू देऊ नका. कोन नव्हते तेव्हा काडीने मेंदी काढणाऱ्या बायका आहेत या.

काही घरांत सजीवांची चित्रं काढण्यावर आक्षेप असतो. यावर उलेमांमध्येही मतं वेगळी आहेत आणि ईदच्या दुपारी तो वाद जिंकायची गरज नाही. चिठ्ठ्यांतून माणसं-जनावरं वगळा. भांडी, जागा, कामं, खाणं एवढ्यावर तासभर सहज निघतो.

मात्र एका बाबतीत हट्ट धरा. बहुतेक घरांत हा खेळ सुरू होतो तेव्हा अम्मी, चाची, फुफी भांड्यांच्या ढिगाऱ्यासमोर असतात आणि आतूनच विचारतात, "कोण जिंकलं?" हे 'कुटुंबासोबत खेळणं' नव्हे. आधी सगळ्यांनी मिळून भांडी उरका, मुलग्यांनीसुद्धा, मग चिठ्ठ्या काढा.

एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ थरथरत्या हातांना पुरत नाही, दोन मिनिटं द्या. वहीच्या पानापेक्षा जुन्या कॅलेंडरची पाठ बरी, आणि बारीक पेनाऐवजी जाड मार्कर, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या नानालाही दिसतं. तरुणांचे शब्दही टाका, मोठ्यांनाच सगळं ओळखायला सोपं का जावं? माझ्या चुलतभावाने पुढच्या ईदसाठी 'ओटीपी' लिहून ठेवलाय. आकडे काढायला बंदी आहे, हे त्याने दादीला अजून सांगितलेलं नाही.