अपडेट ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!

निर्मळमधल्या आमच्या वाचनालयाच्या संगणकावर मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. वर्षाचे पैसे भरूनही त्यातील अँटीव्हायरसचे अपडेट अर्ध्यावर अडकते. विचारले की कंपनी आमच्याच नेटला दोष देते. मग १९ जुलै २०२४ रोजी कोणाचे नेट खराब होते? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

नव्या व्हायरसची ओळख मुख्यतः अपडेटमधून येते. म्हणजे आम्ही पैसे मोजतो ते अपडेटसाठीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागण्याचा अधिकार देतो. बाबासाहेबांनी आम्हाला हात जोडायला नव्हे, हक्क मागायला शिकवले. पावती जपा, एररचा फोटो काढा, लेखी तक्रार करा!