नाथसागर म्हणजे रिकामा प्लॉट नव्हे

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पहाटे मित्राला मागे बसवून बिडकीनहून बाईक काढली. ढोरकीन मागे टाकलं आणि उजाडायच्या आत नाथसागराच्या काठावर पोचलो. मराठवाड्याला समुद्र नाही, पण इथे उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी बरंच मागे सरकलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलात लाल पायांचे शेकाटे चालत होते, टिटवी ओरडत होती. लांब, मध्यावर काळा पट्टा दिसत होता. दुर्बीण लावली तर ती बदकं निघाली. थापट्या, तलवार बदक आणि शेकडो वारकरी. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या त्या पक्ष्याचं नाव खरंच वारकरी आहे.

मित्र म्हणाला, "भारी आहे रे. पण एवढं पाणी नुसतंच पडून आहे."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. कारण ते फक्त त्याचं नाही.

या पाण्यासाठी शंभरावर गावं उठली. १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं, १९८६ साली जलाशय पक्षी अभयारण्य झाला. आता त्यावर तरंगते सोलर पॅनल येऊ घातलेत. मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाची संघटना याविरुद्ध आधी हरित लवादात गेली, मग सर्वोच्च न्यायालयात. मे २०२५ मध्ये तिथेही याचिका फेटाळली गेली. कोर्टातला प्रश्न तिथे मिटला. काठावरचा मिटलेला नाही.

मी सोलरच्या विरोधात नाही. पॅनलखाली बाष्पीभवन कमी होतं, आणि कुणाची जमीन घ्यावी लागत नाही. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. भूसंपादन म्हणजे काय, हे बिडकीनच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

पण "थोडंसंच पाणी झाकलं जाईल" हा युक्तिवाद मला पटत नाही. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न पडतो: भागिले काय? अभयारण्य कागदावर ३४१ चौरस किलोमीटर आहे. पण जायकवाडी दरवर्षी भरत नाही, आणि भरली तरी पाणी तेवढंच राहत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर वेळ आली होती. पाणी आटतं, पॅनल आटत नाहीत. ते खोल भागातच ठेवावे लागतात, आणि दुष्काळात पाणी उरतं तेही खोल भागातच. भरल्या धरणातले थोडेसे टक्के आटलेल्या धरणात किती होतात, हे गणित कुणी जाहीरपणे मांडलंय का?

दुसरी गोष्ट. उथळ चिखल हे पक्ष्यांचं ताट आहे, आणि मोकळं खोल पाणी हे अंथरूण. हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब रात्री शेतांत चरतो आणि दिवसा पाण्याजवळ विसावतो. कुत्री, माणसं तिथवर पोचत नाहीत म्हणूनच बदकं मध्यावर जमतात. त्या सकाळी आम्हाला दिसलेला काळा पट्टा म्हणजे ती झोपायची जागा होती. "नुसतंच पडून" असलेली.

मग मागणी काय? आधी छपरं. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्टा दहा हजार एकरांचा आहे. तिथल्या प्रत्येक शेडवर आणि पार्किंगवर पॅनल बसू देत. शहरातल्या सरकारी इमारतींवर बसू देत. ती जागा खरंच रिकामी आहे. त्यानंतरही पाण्यावर यायचंच असेल, तर आधी वर्षभर, दर महिन्याला, पक्षी कुठे बसतात आणि जाळी कुठे पडतात याचा नकाशा करा. त्यात मच्छीमारांना सोबत घ्या आणि तो नकाशा सगळ्यांना बघू द्या. पॅनलची जागा त्यानंतर ठरवा.

आपणही काही करू शकतो. फोन खिशात असतोच. सकाळी काठावर जा, दिसलेले पक्षी ई-बर्डवर नोंदवा. तारीख आणि जागा बरोबर टाका. रील नंतर करा. नोंद नसलेली जागा सरकारी फायलीत रिकामीच दिसते.

परतताना मित्राने विचारलं, "ती बदकं कधी जातात?" म्हटलं, मार्चमध्ये निघायला लागतात, थंडीत पुन्हा येतात. ती येतील तेव्हा पाण्यावर काय असेल, ते अजून आपल्याला विचारता येतंय. तोवर विचारू या.