फुकटच्या विजेचा हिशोब

मोबाईलवर हल्ली चित्रफिती हातोहात फिरतात. लोहचुंबकाच्या दोन-चार चकत्या, मध्ये एक चाक, ना वायर ना सेल, तरी दिवा पेटलेला! खाली मजकूर, आता वीजबिल विसरा. बिल आले की ज्या घरात पगाराची ओढाताण होते, तिथे हे खरे असावे असे वाटणारच. त्यात कुणी 'बिनइंधनाच्या जनरेटर'साठी आगाऊ रक्कम मागू लागला की भविष्यनिर्वाह निधीचा पैसाही बाहेर निघतो. म्हणून हा विषय.

आम्ही वाणिज्य शाखेचे. उमेदीची वर्षे खतावण्या लिहिण्यात गेली. जमा कोरी आणि खर्च भरलेला अशी वही समोर आली की आम्ही पहिल्यांदा विचारतो, पैसा आला कुठून? निसर्गाची वहीही तशीच आहे. ऊर्जा रूप बदलते, शून्यातून जन्मत नाही. जनरेटरमध्ये डिझेल जळते, धरणावर पाणी उंचावरून पडते, सौर पट्टीवर ऊन पडते. चुंबक चाकाला जेवढे ओढून घेतो तेवढेच पुढे जाताना अडवतो. फेरी पुरी झाली की शिल्लक शून्य, वर घर्षणाचा खर्च वेगळा.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी जॉन वॉरेल कीली नावाचा गृहस्थ होता. १८७० नंतरच्या दशकात तो सांगू लागला की पाण्यातून आपण अफाट शक्ती काढतो. धनिक भुलले, कीली मोटर कंपनी निघाली, शेअर विकले गेले. पुढे वजनावर मात करून हवेत जाणाऱ्या यानाच्याही गोष्टी तो करू लागला. भागधारकांनी यंत्र मागितले की उत्तर ठरलेले, थोडे काम बाकी आहे. हे 'थोडे' वीस वर्षांहून अधिक चालले! १८८८ मध्ये कोर्टाने सांगूनही गुपित उघड करीना म्हणून त्याला तुरुंगही पाहावा लागला. तरी क्लारा ब्लूमफील्ड मूर ही श्रीमंत विधवा त्याला वर्षानुवर्षे पैसा पुरवीत राहिली.

१८९८ मध्ये कीली वारला. मग त्या बाईंच्याच मुलाने कार्यशाळेची जागा भाड्याने घेतली आणि जाणकारांना बरोबर नेऊन जमीन उकलली. तळघरात पोलादाचा अवजड पोकळ गोळा, फळ्यांखाली आणि भिंतीत नळ्या! दाबून भरलेल्या हवेवर सारा खेळ चालत होता, असा त्या मंडळींचा निष्कर्ष.

ती जुन्या काळची माणसे, असे म्हणून सुटका नाही. २००६ साली आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने चुंबकांतून फुकट ऊर्जा मिळते, अशी जाहिरात 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात दिली. शास्त्रज्ञांनी तपासावे असे आव्हानही स्वतःच दिले, एवढे श्रेय तिला द्यावे लागेल. २००७ मध्ये लंडनचे प्रात्यक्षिक रद्द झाले. दिव्यांच्या उष्णतेने यंत्र बिघडले म्हणे. २००९ मध्ये परीक्षक मंडळाने एकमुखाने कळविले की ऊर्जा निर्माण होत असल्याचे कंपनीला दाखवता आलेले नाही.

तेव्हा दारी असा विक्रेता आला तर त्याच्याशी वाद घालू नका. टेबल आपले, दिवा आपला, मीटर आपला, आणि यंत्र महिनाभर आपल्या कुलपात चालू ठेवायचे, एवढेच सांगा. लपविलेला सेल कधीतरी संपतोच. "मोठ्या कंपन्या आमचा शोध दडपतात," असे तो म्हणेल. त्यावर त्याच्या स्वतःच्या घरचे वीजबिल पाहायला मागा.