अनुदान हक्काचे घ्या. पण चळवळ वर्गणीवरच चालवा!

आपल्या समाजात मंडळांना तोटा नाही. वस्ती तिथे विहार, विहार तिथे समिती आणि समितीच्या जोडीला जयंती मंडळ, महिला मंडळ, तरुण मंडळ. एकाच वस्तीत तीन मंडळे आणि तिन्हींची तोंडे तीन दिशांना, हे दृश्यही नवे नाही. पण या मंडळांपैकी नोंदलेली किती? नोंदलेल्यांपैकी दरवर्षी हिशेब तपासून घेणारी किती? आणि हिशेब तपासून घेणाऱ्यांपैकी एखाद्या योजनेतून अनुदान मिळावे म्हणून अर्ज करणारी किती? प्रत्येकाने आपापल्या वस्तीपुरते उत्तर द्यावे. आमच्या मते ते एका हाताच्या बोटांवर मावेल.

या प्रश्नावर समाजात दोन टोकाची मते आहेत. एक म्हणते, अनुदान म्हणजे लाचारी. सरकारचा आणि भांडवलदाराचा पैसा शिवायचाच नाही. दुसरे म्हणते, पैशाला जात नसते. कुठूनही येवो, आपले काम झाल्याशी कारण. पहिल्या मताने आपली मुले वसतिगृहाविना राहिली. दुसऱ्या मताने आपले कित्येक लढाऊ कार्यकर्ते प्रोजेक्टवाले झाले. आम्हाला ही दोन्ही मते अमान्य आहेत, आणि त्यासाठी आमचा आधार बाबासाहेबांच्याच संस्थाजीवनाचा आहे.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या शिष्यवृत्तीला बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याच्या कराराची अट होती. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. १९२४ साली स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली होती. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. पण व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः बाबासाहेब होते. १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह काढले आणि त्यासाठी तिथल्या नगरपालिकेचे अनुदान घेतले. म्हणजे बाबासाहेबांनी मदत नाकारली नाही. कागद पक्का केला, कारभाराची दोरी आपल्या हाती ठेवली आणि मग मदत घेतली.

मदत घेतली म्हणून तोंड बंद केले काय? मुळीच नाही! २९ मे १९२८ रोजी याच सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या दुरवस्थेचे निवेदन ठेवले आणि सरकारच्या शिक्षणविषयक धोरणाची चिरफाड केली. अनुदान घेणारी संस्था सरकारला जाब विचारू शकते, हा धडा आपल्या चळवळीने जवळपास शंभर वर्षांपूर्वीच घालून दिला आहे.

आता दुसरे उदाहरण पाहू. पुणे करारानंतर १९३२ साली जो संघ निघाला आणि पुढे हरिजन सेवक संघ झाला, त्याच्याकडे पैसा होता, बिर्लांसारखे अध्यक्ष होते. बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी संघाचे चिटणीस ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहून सुचवले की, आधी नागरी हक्कांसाठी झगडा, समान संधी मिळवून द्या आणि काम करणारी माणसे अस्पृश्यांमधून घ्या. ते मानले गेले नाही. संघाचा कारभार स्पृश्यांच्याच हाती राहिला. कारण काय तर हे स्पृश्यांचे प्रायश्चित्त आहे! १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या साऱ्या प्रकाराचा पंचनामा केला. कोटीहून अधिक जमलेल्या टिळक स्वराज्य फंडातून अस्पृश्यांच्या वाट्याला किती आले, याचा हिशेबही त्यांनी तिथेच मांडला. ज्या मदतीत आपल्या माणसाला निर्णयाचा अधिकार नाही, ती मदत माणसाला मिंधे करते, हा त्यातला बोध.

म्हणून आम्ही अनुदानाला तीन कसोट्या लावतो. पैसा कशासाठी खर्च करायचा हे ठरवणारे आपण आहोत काय? त्या पैशातून वस्तीत टिकणारे काही उभे राहते काय? आणि तो पैसा घेतल्यावर अत्याचाराच्या प्रकरणात पोलिस ठाण्यासमोर उभे राहण्याची आपली मोकळीक शाबूत राहते काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर खुशाल अर्ज करा. एकही ‘नाही’ असेल तर नमस्कार करून उठा!

शासकीय अनुदान ही कुणाची मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या ४६ व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची जपणूक राज्यावर सोपवली आहे आणि २८२ वे कलम सार्वजनिक कामासाठी अनुदान देण्याचा अधिकार केंद्राला व राज्याला देते. विडी-काडीपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपला मजूर कर भरतो. त्या करातून तिजोरी भरते. मग त्या तिजोरीकडे मान खाली घालून का जायचे?

दारे किती आहेत ते पाहा. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची अनुदानित मागासवर्गीय वसतिगृहे स्वयंसेवी संस्थांमार्फत चालतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी निवासी शाळा व वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थांना मदत देण्याची तरतूद केंद्राने २०२१-२२ पासून ‘श्रेष्ठ’ या योजनेत केली. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने बौद्ध व तिबेटी कला-संस्कृतीच्या विकासासाठी स्वतंत्र सहाय्य योजना आखली. महाराष्ट्रातल्या किती विहार समित्यांनी तिचे नाव तरी ऐकले आहे?

खासदार निधी वर्षाला पाच कोटी रुपयांचा. त्यातली किमान १५ टक्के कामे, म्हणजे ७५ लाखांची, अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी सुचवावीत असे त्याचे मार्गदर्शक नियम सांगतात. प्रार्थनास्थळाला हा पैसा चालत नाही, अभ्यासिकेला चालतो. हे ठाऊक नसल्यामुळे आपले शिष्टमंडळ विहाराच्या कमानीची मागणी घेऊन जाते आणि हात हलवत परत येते.

कंपन्यांचेही तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे तेच कलम सांगते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांवरील विषमता कमी करण्याचे काम स्पष्ट शब्दांत नमूद आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांत कंत्राटी मजूर आपल्या वस्तीतला, धूर आपल्या वस्तीवर; मग दोन टक्क्यांतला वाटा आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेला का नको?

परदेशी पैशाचा मार्ग मात्र अरुंद झाला आहे. २०२० च्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेला आपला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी केली. गावपातळीवरच्या छोट्या संस्था याच वाटेने जगत होत्या; त्यांचे पाणीच तोडले गेले. स्वतः परवाना घ्यायचा तर तीन वर्षांचे काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. वस्तीतल्या महिला मंडळाने या मृगजळामागे धावू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

आता कागदांचे. वकिली करताना आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मंडळांची अडचण एकच असते. संस्था जुनी, पण धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर वीस वर्षांपूर्वीचे विश्वस्त. त्यांतले काही तर हयातही नाहीत. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सारे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या २२ व्या कलमाखाली दाखल करावा लागतो. तो न केल्यामुळे भांडण लागले की दोन अध्यक्ष, दोन शिक्के आणि बँकेचे खाते गोठलेले! त्यानंतर वर्षावर्षाचे ऑडिट. त्यानंतर प्राप्तिकराची १२अ आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी. २०२१ पासून ती कायमची राहिली नाही, मुदतीची झाली आहे, हे ध्यानात ठेवा. नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील क्रमांक आणि कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१ ची नोंद हा पुढचा टप्पा. हे सारे करायला प्रतिभा लागत नाही. एक चिकाटीचा सचिव आणि एक प्रामाणिक खजिनदार लागतो. आपल्या समाजात आज वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांनी जयंतीच्या व्यासपीठावर हार घेण्याऐवजी वर्षातून चार रविवार एका मंडळाच्या दप्तराला द्यावेत. हेही धम्मदानच आहे.

नोंदणी नसलेल्या जयंती मंडळांनीही वर्गणी गोळा करण्यापूर्वी याच अधिनियमाच्या ४१क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाला कळवून परवानगी घ्यावी आणि हिशेब द्यावा. रात्रीतून लाखाची वर्गणी डीजेच्या भिंतीत जिरते आणि सकाळी त्याच वस्तीत स्पर्धा परीक्षेच्या पोराला बसायला जागा नसते, ही विसंगती किती वर्षे चालायची?

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. अनुदानावर चालणाऱ्या आपल्याच काही संस्थांत अध्यक्ष नवरा, सचिव बायको, खजिनदार मेहुणा असा संसार थाटलेला आहे. पटावर मुले आणि खोल्यांना कुलपे, अशी कागदी वसतिगृहे बाबासाहेबांच्या नावाने चालवणारा माणूस कोणत्याही प्रस्थापितापेक्षा कमी गुन्हेगार नाही. कारण त्याने चोरलेला घास आपल्याच लेकराच्या ताटातला असतो. शिवाय ‘रिपोर्ट बनवून देतो, मंजुरी आणतो, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्या दलालांना वस्तीच्या वेशीवरच रोखा. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही की पुढचा हप्ता थांबतो आणि तोवर दलाल पसार झालेला असतो.

उपाय कायद्यातच आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानुसार अनुदान योजनांत किती रक्कम दिली आणि लाभ कुणाला मिळाला, हे प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे आहे. सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणाऱ्या संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात दिला आहे. आपल्या जिल्ह्याची यादी मागा. कोणत्या संस्थेला किती मिळाले, मुले किती, जागा कुठे, हे वाचा. त्या यादीत आपली संस्था नसेल तर का नाही, आणि असेल तर तिथे खरोखर दिवा लागतो काय, हे दोन्ही तपासा.

शेवटी मूळ मुद्दा. अनुदानावर वसतिगृह चालेल, वाचनालय चालेल, शिवणवर्ग आणि दवाखाना चालेल. मोर्चा चालणार नाही! अत्याचारग्रस्त कुटुंबाची कोर्टातली लढाई, जमिनीचा सत्याग्रह, आपले वर्तमानपत्र, आपले राजकारण यांना कोणतीही कंपनी पैसे देणार नाही, आणि देऊ लागली तर आपणच सावध झाले पाहिजे. त्यासाठी बाबासाहेबांनी मार्ग सांगून ठेवला आहे. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्यास सांगितले. शंभर रुपयांत पाच रुपये! आज गलेलठ्ठ पगार घेणारा आपला नोकरदार वर्ग शंभरातला एक तरी देतो काय?

तेव्हा येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर सतरंजी गुंडाळू नका. तिथेच सभा घ्या. संस्थेचे दप्तर सर्वांसमोर उघडा, विश्वस्तांची नावे वाचा, थकलेल्या ऑडिटची तारीख ठरवा, एका योजनेचा अर्ज एका माणसाकडे सोपवा आणि वर्गणीची वही फिरवा. ज्या समाजाचे दप्तर स्वच्छ, त्याचा आवाज कोणालाही विकत घेता येत नाही.

जयभीम!