मास्तरचा पगार हा गावाचाही प्रश्न आहे

"मास्तरचा पगार अडला, त्यात आपल्याले काय करायचं?" पोडापोडावर हा सवाल आम्हाला ऐकू येतो. आमचं म्हणणं, करायचं आहे आणि बरंच करायचं आहे.

आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मास्तरला जेवढे तास तेवढेच पैसे. शाळेला सुटी म्हणजे कमाईलाही सुटी. तेही पैसे महिनोन्‌महिने थकले की तो दुसरं काम पाहतो. मग गणिताचा तास रिकामा जातो, पोट्टे दहावीत अडकतात आणि कापूस वेचायला परत येतात. म्हणजे मास्तरचा पगार बुडतो तसं आपल्या पोरांचं वर्षही बुडतं.

२१ मे २०२५ ला आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतली १७९१ शिक्षकपदं बाह्यस्रोताने, म्हणजे कंपनीमार्फत, भरायचा निर्णय काढला. वर्षानुवर्षं राबलेल्या रोजंदारी व तासिका कर्मचाऱ्यांनी जुलैत नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं. त्यावर आपली ग्रामसभा एकदा तरी बसली का? मधे ठेकेदार आला की पगार मागायचा कोणाला? शाळा ठेकेदाराकडे बोट दाखवणार, ठेकेदार बिलाकडे.

१९९६ चा पेसा कायदा सामाजिक क्षेत्रातल्या संस्था व कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला देतो. केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव भागातली अनुसूचित गावं त्यात येतात. हा अधिकार कागदावर ठेवून चालणार नाही.

रोहयोची मजुरी अडली की आपण आधी मस्टर मागतो. इथेही तेच करा. घेतलेल्या तासांची नोंद दर महिन्याला व्हावी, तिच्यावर मुख्याध्यापकाची सही असावी आणि एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकाकडे राहावी. दोन महिने पगार अडला तर मास्तर आणि मुख्याध्यापक दोघांनाही ग्रामसभेत बोलवा. भांडण लावायला नाही, तर कागद कुठे अडला ते पाहायला. बिल शाळेतूनच गेलं नाही, प्रकल्प कार्यालयात पडलं, की अनुदानच आलं नाही? मग ठराव करून पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात द्या आणि पोच घ्या. वनहक्काच्या दाव्यात पोच नसली की काय होतं, ते आपण भोगलं आहे.

काही मास्तर येतच नाहीत, हेही खरं आहे. तीच नोंद त्यांनाही पकडेल. न घेतलेल्या तासाचे पैसे आम्ही कोणाला मागणार नाही. पण घेतलेल्या तासाचा एक रुपयाही बुडू देणार नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या.

जय सेवा! जोहार!