समुद्रावरून विंचुर्णीला

सातारा जिल्ह्याला फौजेतल्या माणसाचे नवल नाही. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पलटणीतले जवान घरोघरी सापडतील. नौदलातला माणूस मात्र त्या मानाने विरळा. आज अशाच एका दर्यावर्द्याची आठवण काढावयाची आहे. सारे जग पाहून झाल्यावर त्याने राहण्यासाठी फलटण तालुक्यातले विंचुर्णी हे खेडे पसंत केले. त्यांचे नाव व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी.

आवटींचा जन्म १९२७ सालचा. १९७१ च्या युद्धात ते पूर्वेकडच्या समुद्रात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान होते. पाणबुडी कुठून येईल, पाण्यात सुरुंग कुठे पेरलेला असेल, याचा नेम नाही, अशा पाण्यात त्यांनी शत्रूची जहाजे अडवली. या कामगिरीबद्दल त्यांना वीर चक्र मिळाले. पुढे ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये पश्चिम नौदल विभागाचे सेनापती म्हणून निवृत्त झाले.

एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस मुंबई-पुण्यात बंगला बांधून राहिला असता तर कोणी नावे ठेवली नसती. आवटी पत्नीसह विंचुर्णीला येऊन राहिले. फलटणचा मुलूख पर्जन्यछायेतला, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. पण माणूस समुद्रापासून दूर गेला म्हणून त्याच्या मनातला समुद्र आटत नाही.

त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून, एकट्याने, पृथ्वीला वळसा घालावा. स्वतःचे वय तर उलटून गेलेले. मग त्यांनी काय केले? नौदलातल्या वरिष्ठांना ही गोष्ट पटवली आणि तरुण अधिकाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, तेव्हा आवटी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी बोट बांधली गेली. मांडवीचेच दुसरे नाव तिला दिले, ‘म्हादेई’. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांवर थांबत मे २०१० मध्ये परत आले. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये सुमारे पाच महिन्यांत कुठल्याही बंदराला न लागता फेरी पुरी केली. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ बोटीतून जगाला वळसा घालून गोव्याला सुखरूप पोचल्या. हे सारे आवटींनी डोळ्यांनी पाहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, विंचुर्णीतच त्यांचे देहावसान झाले.

म्हातारा माणूस बांधावर आंब्याचे रोप लावतो, तेव्हा फळ आपल्या वाट्याला येईल की नाही याचा हिशेब तो करीत नाही. आवटींनी वेगळे काय केले? शीड दुसऱ्याच्या हातात दिले आणि आपण काठावरून वारा सांगत राहिले. माणसे जोडल्याशिवाय हे होत नाही. निवृत्त झाल्यावर जो आपल्याच बढाया मारीत बसतो, त्याच्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. जो तरुण पोरांना ‘तू काय करणार?’ म्हणून विचारतो, त्याच्याकडे माणसांची ये-जा आपोआप राहते.

आपल्या गावातही पेन्शनवर आलेले सुभेदार, नाईक, नौसैनिक आहेत. त्यांना पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनापुरते खुर्चीवर बसवू नका. इंजिनाची दुरुस्ती, वायरिंग, हिशेब, पोहणे यांपैकी काही ना काही त्यांच्या हातात असते. शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक तास त्यांच्याजवळ पाठवा. नातवंडांनी त्यांच्याकडून जहाजांच्या आणि बंदरांच्या गोष्टी ऐकून वहीत लिहून ठेवाव्यात. माणूस गेल्यावर फोटो उरतो. गोष्ट मात्र विचारली नसेल तर त्याच्याबरोबरच जाते.

आता घरातल्या मायभगिनींसाठी एक कामाची गोष्ट. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, कोणत्या पेटीत आहे हे घरधनिणीला ठाऊक पाहिजे. त्या आदेशात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, आधार कार्डाशी आणि बँकेच्या पुस्तकाशी ती जुळते का, हे घरधनी हयात असतानाच पाहून घ्यावे. आपल्याकडे बाईचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर आणि घरात हाक मारायचे तिसरेच, असा घोळ नेहमीचा. पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना हाच घोळ आडवा येतो, आणि दुःखाच्या दिवसांत त्या माउलीला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. दुरुस्ती हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथे अर्ज कसा करावयाचा ते सांगतात. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही वेळेवर द्यावा.

समुद्रावर निघण्यापूर्वी खलाशी दोर, शीड, पाण्याची पिंपे एकेक करून तपासतो. वादळ सुरू झाल्यावर दोर शोधीत बसायला सवड नसते. तेव्हा या आठवड्यात शेतातले काम थोडे हलके झाले की सांजच्याला दोघांनी मिळून ती पेटी उघडा.