विश्लेषण : शेजारची महाविद्यालये एकत्र शिकवू शकतील का?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विषयांची यादी लांबली, पण लहान महाविद्यालयांतील शिक्षकांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली नाही. मीरा-भाईंदरसारख्या शहरात यावर प्राध्यापकांचे परस्पर सहकार्य हा उपाय ठरू शकतो का, याचा आढावा...

प्रश्न आताच का?

राज्यात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली आणि कार्यानुभव असा पदवीचा नवा आराखडा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या मीरा-भाईंदरमधील पदवी महाविद्यालये प्रामुख्याने मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. लहान महाविद्यालयात अनेकदा एका विषयाला एकच शिक्षक असतो. शंका आली तर विचारायला त्याच विषयाचा सहकारी नसतो.

सहकार्य म्हणजे नेमके काय?

एकाच विषयाच्या शिक्षकांनी मिळून पाठ आखणे, एकमेकांच्या तासाला बसणे आणि उत्तरपत्रिकांतील चुका एकत्र तपासणे. हेच तत्त्व विद्यार्थ्यांनाही लागू पडते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ मध्ये व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न विचारण्याची पद्धत सुरू केली. विद्यार्थी आधी स्वतः उत्तर देतात, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर देतात. यातून संकल्पनांची समज वाढल्याचे दहा वर्षांच्या नोंदींतून दिसले. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही, नेमका प्रश्न लागतो. असे प्रश्न एकट्याने रचण्यापेक्षा चौघांनी मिळून रचणे सोपे.

समूह विद्यापीठांचा मार्ग उपयोगी आहे का?

मुंबईत दोन उदाहरणे आहेत. डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था अशा सरकारी संस्था एकत्र आल्या. एचएसएनसी विद्यापीठात के. सी., एच. आर. ही एकाच मंडळाची महाविद्यालये आहेत. दोन्हीकडे व्यवस्थापन एकच होते. मीरा-भाईंदरमध्ये महाविद्यालये वेगवेगळ्या संस्थांची असल्याने हा मार्ग इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळ आणि मानधनाची. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, एकत्र बसून पाठ आखण्याचे नाही. दुसरी स्पर्धेची. प्रवेशासाठी चढाओढ करणाऱ्या संस्था आपला शिक्षक शेजाऱ्याला सहज देत नाहीत. तिसरी परीक्षेची. गुण पाठांतरावर मिळत असतील तर वर्गातील चर्चा विद्यार्थ्यांनाही वेळेचा अपव्यय वाटते.

मग शक्य काय आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ मधील ‘परामर्श’ योजनेत चांगले मूल्यांकन मिळालेल्या संस्थेने इतरांना मार्गदर्शन करण्याची कल्पना होती. श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ पासून ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. म्हणजे चौकट तयार आहे. मीरा रोड आणि भाईंदर ही लोकलची लागोपाठची स्थानके, त्यामुळे अंतराचाही अडसर नाही. एका विषयाच्या शिक्षकांची महिन्यातून एक बैठक आणि एक सामायिक ऐच्छिक विषय इतक्यावर सुरुवात होऊ शकते. मात्र त्या बैठकीचा वेळ कामाचा म्हणून मोजला आणि त्याचे मानधन दिले, तरच ती दुसऱ्या वर्षीही भरेल.